पॅट बर्न्सला खुर्ची कशाबद्दल मिळाली?

प्रश्न असा आला आहे: "मी दीड वर्षापूर्वी कॅलगरीला आले. इथे बर्न्स हे नाव जागोजागी दिसतं. चौकशी केली तेव्हा कळलं की हा मांसाचा बडा व्यापारी होता आणि म्हातारपणी कॅनडाचा सिनेटर झाला, तेही निवडणूक न लढवता. म्हणजे पैसा होता म्हणून खुर्ची मिळाली, असंच ना? आपल्याकडे राज्यसभेत होतं तसं?"

उत्तर जरा लांबेल. मी पशुवैद्य आहे. परळला शिकलो, इकडे येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि पुढची चोवीस वर्षं अल्बर्टातल्या कत्तलखान्यांत मांसतपासणी केली. माझं घर माळकरी. आईला मी कित्येक वर्षं "जनावरांचा सरकारी डॉक्टर आहे" एवढंच सांगत होतो. त्यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. ज्यांना हा धंदा वाचायलाही नकोसा वाटतो त्यांनी मधले नऊ परिच्छेद सोडून सिनेटच्या भागाकडे जावं, मला राग येणार नाही. पण बर्न्सचा पैसा कुठून आला ते कळल्याशिवाय त्याची खुर्ची कळत नाही, असं माझं मत आहे.

पॅट्रिक बर्न्सचा जन्म 6 जुलै 1856 चा, ओंटारिओतल्या ओशावाचा. आईवडील आयर्लंडहून आलेले, घरात मुलांचा गोतावळा, शाळा जेमतेम. पुढे कुटुंब कर्कफील्ड नावाच्या गावी गेलं. त्याच गावात विल्यम मॅकेन्झी नावाचा मुलगा होता. हे नाव लक्षात ठेवा. पुढे हा मॅकेन्झी रेल्वेचा मोठा कंत्राटदार झाला, कॅनेडियन नॉर्दर्न रेल्वे उभारणाऱ्यांपैकी एक, आणि 'सर' वगैरे झाला. बर्न्सच्या नशिबाचा निम्मा वाटा या गावकीत आहे.

त्याच्या तरुणपणाची एक गोष्ट इथे सगळे सांगतात. एका हिवाळ्यात तो लाकूडतोडीला गेला. हिशेबाच्या वेळी मालकाकडे रोकड नव्हती, म्हणून मजुरीपोटी त्याने दोन बैल दिले. बैल तसेच विकले तर मजुरीएवढेही पैसे येईनात. मग या पोराने ते स्वतः कापले, मांस विकलं, कातडी विकली, चरबी विकली, आणि मजुरीहून जास्त पैसे घेऊन घरी आला. लोक ही गोष्ट "बघा किती हुशार" म्हणून सांगतात. मला तिच्यात हिशेब दिसतो. भरल्या अंगाचा सहाशे किलोचा गोऱ्हा कापला की हुकावर टांगलेलं धड साधारण साठ टक्के भरतं. नांगराच्या बैलाचा उतारा आणखी कमी. उरलेलं कातडं, चरबी, जीभ, काळीज, खूर, शिंगं, आतडी, रक्त. शेतकरी जनावर उभं विकतो तेव्हा या उरलेल्या भागाचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. खाटकाला मिळतात. आजचे प्रचंड मांस कारखानेसुद्धा बरेचदा मांसावर बरोबरी साधतात आणि कातडी-चरबीवर नफा काढतात. बर्न्सला हे विशीत, दोन बैलांवर कळलं.

1878 मध्ये तो भावाबरोबर पश्चिमेला आला. विनिपेगपर्यंत कसाबसा पोचला आणि तिथून सरकारी जमीन मिळवण्यासाठी मिनेडोसाच्या बाजूला सुमारे 160 मैल चालत गेला. पुण्याहून मुंबईला चालत जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यायचं, एवढं ते अंतर, तेही चिखलातून. जमीन मिळाली तरी अवजारांना पैसा नव्हता, म्हणून रेल्वेच्या कामावर सुरुंग लावायला गेला. शेती केली, सामान वाहिलं, शेजाऱ्यांची जनावरं गोळा करून विनिपेगच्या बाजारात नेली. खरी सुरुवात ही शेवटची.

मग मॅकेन्झी भेटला. 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकेन्झीकडे रेल्वेचे रूळ टाकायचं कंत्राट होतं, अमेरिकेतल्या मेन राज्यातून जाणाऱ्या मार्गाचं. शेकडो मजूर, दिवसभर दगडमाती आणि संध्याकाळी भूक. मॅकेन्झीने आपल्या गावच्या पोराला मांस पुरवायचं काम दिलं. तिथून बर्न्स रेल्वेच्या मागे मागे फिरत राहिला: रेजायनाहून प्रिन्स अल्बर्टकडे जाणारा फाटा, मग 1890 च्या सुमारास कॅलगरी ते एडमंटन, पुढे क्रोज नेस्ट खिंड.

आता इथे थोडं जवळून बघा, कारण सगळी मेख इथे आहे. रेल्वेची छावणी एका जागी राहत नाही. रूळ पुढे सरकले की छावणी उचलायची. मांस थंड ठेवणारे, बर्फ भरलेले रेल्वेचे डबे तेव्हा होते, पण जिथे रूळच पोचलेले नाहीत तिथे डबा नेणार कसा? पीठ, साखर, घेवडा गाडीवर लादावा लागतो. त्याला घोडे, घोड्यांना दाणा, दाण्याला आणखी गाडी. मांस तेवढं स्वतःच्या पायांनी चालत येतं. बर्न्सची माणसं जनावरांचा कळप छावणीच्या मागे हाकत नेत, उन्हाळ्यात लागेल तेवढंच रोज कापत. हिवाळ्यात कापून बाहेर टांगलं की काम झालं, उणे वीस-तीसचं शीतगृह फुकटात. पण हाकण्यात एक चोरवाट आहे. जनावर घाईने हाकलं, पाण्याला उशीर झाला, की वजन उतरतं. आमच्या भाषेत वाटेतली घट. चार-पाच टक्के घट म्हणजे काही नाही असं वाटतं, पण या धंद्यात नफाच तेवढा असतो. मी नोकरीत असताना लांबून ट्रकने आलेला माल उतरताना पाहिला की कुठल्या गाडीवानाने वाटेत थांबून विश्रांती दिली आणि कोणी दामटलं ते जनावरांच्या खपाटीला गेलेल्या कुशीवरून सांगता यायचं. बर्न्स ही घट ओळखण्यात तरबेज असला पाहिजे, नाहीतर पहिल्या दोन कंत्राटांतच बुडाला असता. भांडवल हाताशी थोडं, जनावरं बरीचशी उधारीवर उचललेली. कंत्राटाचे पैसे आले की आधी शेतकऱ्याची उधारी. ती वेळेवर फिटत गेली म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जनावरं मिळत गेली.

1890 मध्ये त्याने कॅलगरीत कत्तलखाना टाकला. मग गावोगावी स्वतःची मांसाची दुकानं, अल्बर्टात, ब्रिटिश कोलंबियातल्या खाणींच्या गावांत. 1897-98 मध्ये क्लोंडाइकला सोन्याची झुंबड उडाली तेव्हा सगळे फावडी घेऊन उत्तरेला पळाले, याने जनावरं पाठवली. बोटीने किनाऱ्यावर, तिथून डोंगर ओलांडून, नदीच्या वरच्या अंगाला कापून तराफ्यांवर मांस खाली, सोन्याच्या मुलखातल्या डॉसन गावाला. पुन्हा तोच हिशेब: शक्य तिथवर चालवत न्यायचं, चालवणं थांबलं की कापायचं. पुढे लोणी-चीजचे कारखाने आले, फळांचा घाऊक व्यापार आला, कुरणं तर इतकी आली की बर्न्स स्वतःच्या जमिनीवरून पाय न काढता अमेरिकेच्या सीमेपर्यंत जाऊ शकतो असं लोक म्हणायचे. ते जसंच्या तसं खरं मानू नका, पण बार यू सारखं नावाजलेलं कुरण 1927 मध्ये त्याच्याकडे आलं हे खरं आहे. लाँगव्ह्यूजवळ आहे, आता राष्ट्रीय वारसा स्थळ आहे. उन्हाळ्यात जाऊन या.

कुरणवाल्यांची बाजूही सांगतो. या भागात माल विकायचा तर बर्न्सलाच, अशी स्थिती बरीच वर्षं होती. एकच मोठा गिऱ्हाईक असला की भाव तोच ठरवतो. नाशिकच्या कांदेवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा मांसवाल्यांची मक्तेदारी म्हणून ओरड व्हायची आणि ती काही उगाच नव्हती. 1906-07 च्या भयंकर हिवाळ्यात दक्षिण अल्बर्टात कुरणांवर जनावरं हजारोंनी गारठून मेली, मोठमोठे मालक बसले. बर्न्स तगला, कारण तो फक्त जनावरं पाळत नव्हता. पाळणारा पडतो त्या वर्षी विकणारा सावरतो, आणि हा दोन्हीकडे होता. 1913 च्या जानेवारीत त्याचा कॅलगरीचा कारखाना जळाला. पुन्हा उभा केला. 1928 मध्ये कंपनी दीड कोटी डॉलरला विकली आणि कुरणं स्वतःकडे ठेवली. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. याला दूरदृष्टी म्हणा, माझ्या मते बहात्तराव्या वर्षी दमलेल्या माणसाचा सुदैवी निर्णय.

दरम्यान कॅलगरी शहरात त्याचं स्थान काय होतं? 1912 मध्ये गाय वीडिक नावाचा खेळाडू गुराख्यांच्या खेळांचा मोठा मेळा भरवायची कल्पना घेऊन आला. चार जणांनी प्रत्येकी 25,000 डॉलरची हमी घेतली: बर्न्स, जॉर्ज लेन, ए. ई. क्रॉस आणि आर्ची मॅक्लीन. तोच आजचा कॅलगरी स्टॅम्पीड. तुम्ही जुलैमध्ये टोपी घालून गेला असाल.

दानधर्माच्या कथा पुष्कळ आहेत, मला एकच आवडते. शहराच्या दक्षिणेला मिडनापूर नावाची वस्ती आहे. होय, आपल्या बंगालचं मेदिनीपूर. तिकडचं एक पत्र वाट चुकून इथल्या टपालात आलं आणि गावाला नाव पडलं, असं सांगतात. तिथे एक कॅथलिक चर्च आणि त्याला खेटून एक अँग्लिकन चर्च बांधलेलं, दोन्ही लाकडी. बर्न्स पक्का कॅथलिक. कॅथलिक चर्च रंगवायचं ठरलं तेव्हा खर्च त्याने उचलला आणि म्हणाला, शेजारचंही रंगवून टाका, नाहीतर ते जुनाट दिसेल. त्याच परिसरात फादर लाकोंब यांच्या अनाथ-वृद्धांच्या आश्रमाला त्याने जमीन दिली होती.

आता खुर्ची.

कॅनडाचं सिनेट आणि आपली राज्यसभा यांत गल्लत करू नका. राज्यसभेत बहुतेक जण आमदारांच्या मतांवर येतात. राष्ट्रपती नेमतात ते फक्त 12, आणि ते साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या खात्यांतले. त्यात व्यापार नाही. उद्योगपती राज्यसभेत दिसतात ते मतांच्या वाटेने, उदाहरणार्थ राहुल बजाज 2006 मध्ये महाराष्ट्रातून अपक्ष निवडून गेले होते. कॅनडात मात्र अख्खं सिनेट नेमलेलं. कागदावर गव्हर्नर जनरल नेमतात, प्रत्यक्षात पंतप्रधान. आपल्या विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त 12 जागा आठवा, ती यादी मध्यंतरी किती काळ अडकली होती तेही आठवा, आणि मग अशी कल्पना करा की परिषदेच्या सगळ्याच जागा तशा आहेत. त्याहून जुनं आणि जास्त जवळचं उदाहरण हवं असेल तर नाना शंकरशेट. मुंबईचे सावकार-व्यापारी, 1862 च्या मुंबई कायदेमंडळात गव्हर्नरांनी नेमलेले. राज्यकर्त्याला शहरातला वजनदार, मिळकतदार माणूस आपल्या सभागृहात बसलेला हवा असतो. नानांची नेमणूक आणि इथलं सिनेट यांच्यामागचा विचार एकाच साम्राज्याच्या एकाच दशकातला आहे.

आणि मिळकतीची अट इथे नुसती समजुतीत नाही, घटनेत आहे. 1867 च्या कायद्याने सिनेटर तीस वर्षांचा हवा, त्याच्या नावे प्रांतात किमान 4,000 डॉलरची जमीन हवी आणि कर्ज वजा जाता एकूण मालमत्ता 4,000 हून जास्त हवी. त्या काळी 4,000 म्हणजे चांगली रक्कम. आज त्यात कॅलगरीत गाडी लावायची जागासुद्धा येत नाही, पण अट अजून आहे. मुळात हे सभागृह खालच्या सभागृहातल्या 'गर्दी'वर मिळकतदारांचा लगाम म्हणून बांधलं होतं. तेव्हा "पैसा होता म्हणून जागा मिळाली का" याला पहिलं उत्तर: पैसा असणं ही पात्रताच होती. शिवाय नेमणूक तहहयात. अल्बर्टाच्या वाट्याला सहा जागा. म्हणजे कोणी मेल्याशिवाय किंवा राजीनामा दिल्याशिवाय नंबर लागणं नाही.

पण लाच देऊन किंवा पक्षाला निधी देऊन त्याने ही जागा मिळवली, असं मला वाटत नाही. त्याचा ओढा लिबरलांकडे, आणि नेमणूक केली कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान आर. बी. बेनेट यांनी. बेनेट स्वतः कॅलगरीचे वकील आणि कॅलगरीचेच खासदार. दोघं तेव्हाच्या छोट्याशा कॅलगरीत नावारूपाला आलेले. 1931 चा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. मंदीचं दुसरं वर्ष, प्रेअरीवर दुष्काळ, गव्हाला भाव नाही, कॅलगरीत बेकारांच्या रांगा. अशात 6 जुलैला बर्न्सला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, नेमकी स्टॅम्पीडच्या दिवसांत. शहराने त्याचा जंगी सत्कार केला. मोठी मेजवानी झाली, टनाहून जड केक केला आणि त्याचे हजारो तुकडे मैदानात वाटले. बर्न्सने आपल्या बाजूने गरजू कुटुंबांना मांस आणि एकट्या बेकार पुरुषांना जेवणाची तिकिटं दिली. आणि त्याच दिवशी ओटावाहून बातमी: पॅट्रिक बर्न्स सिनेटर.

म्हणजे ही खुर्ची वाढदिवसाची भेट होती. आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात, बेनेटसाहेबांनी सिनेट दिलं.

गंमत बघा, 1965 मध्ये तहहयात नेमणूक बंद झाली आणि निवृत्तीचं वय 75 ठरलं. त्या नियमाने बर्न्सची नेमणूक आणि निवृत्ती एकाच दिवशी झाली असती.

सिनेटमध्ये त्याने काय केलं हे शोधायला गेलात तर हाताला फार काही लागत नाही. स्वतंत्र सदस्य म्हणून बसला. वक्ता तो कधीच नव्हता. ओटावा रेल्वेने दोन-तीन दिवसांवर. तब्येत ढासळत गेली आणि 1936 मध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच वर्षी एकुलता एक मुलगा गेला. बायको 1923 मध्येच गेली होती. 24 फेब्रुवारी 1937 ला कॅलगरीत तो वारला. मंदीने संपत्ती बरीच झिजली होती, तरी मृत्युपत्रातून जे उरलं त्याचा मोठा भाग शहरातल्या गरीब मुलांसाठी आणि पोलीस-अग्निशामक दलातल्या माणसांच्या विधवा-अनाथांसाठी ठेवला. तो निधी आजही बर्न्स मेमोरियल फंड या नावाने चालतो. म्हणजे सिनेटरकीच्या पाच वर्षांपेक्षा मृत्युपत्राचं काम जास्त टिकलं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? भल्या म्हाताऱ्याला मान मिळाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण ही जागा रिकामी होती तेव्हा तिच्याकडे आणखी कोणाचा तरी डोळा होता, आणि हा भाग स्टॅम्पीडच्या कहाण्यांत कोणी सांगत नाही.

एडमंटनला एमिली मर्फी नावाच्या बाई होत्या. 1916 मध्ये त्या पोलीस न्यायालयात न्यायदंडाधिकारी झाल्या, आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या एका वकिलाने हरकत घेतली की बाई कायद्याच्या भाषेत 'व्यक्ती'च नाही, तर ही न्यायाधीश कशी? पुढे तीच हरकत सिनेटच्या बाबतीत आली. घटनेत लिहिलं होतं की गव्हर्नर जनरल 'पात्र व्यक्तीं'ना सिनेटवर बोलावतील. सरकार म्हणे, व्यक्ती म्हणजे पुरुष. मर्फीबाईंनी आणखी चौघींना जोडीला घेतलं: नेली मॅक्लंग, लुईझ मॅकिनी, आयरीन पार्ल्बी आणि हेन्रिएटा म्युअर एडवर्ड्स. पाचही जणी अल्बर्टाच्या. 1928 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नाकारलं. त्या लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे गेल्या आणि 18 ऑक्टोबर 1929 ला निकाल लागला की स्त्री ही व्यक्ती आहे, सिनेटवर बसू शकते. चार महिन्यांत ओंटारिओच्या केरीन विल्सन पहिल्या महिला सिनेटर झाल्या. मर्फीबाईंना वाटलं, अल्बर्टाची पुढची जागा आपली.

ती जागा 1931 मध्ये रिकामी झाली. गेलेला सदस्य कॅथलिक होता. तेव्हा त्या जागी कॅथलिकच हवा असं कारण पुढे आलं. मर्फीबाई प्रोटेस्टंट. बर्न्स कॅथलिक.

मर्फीबाई 1933 मध्ये वारल्या, सिनेट न बघता. अल्बर्टाला पहिली महिला सिनेटर मिळायला 1979 साल उजाडलं, मार्था बिलिश. पाचही जणींना 2009 मध्ये मानद सिनेटर केलं, सगळ्या जाऊन कैक वर्षं झाल्यावर.

मर्फीबाईंना देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. 1928 मध्ये अल्बर्टाने 'दुर्बल मनाच्या' माणसांची नसबंदी करण्याचा कायदा केला, त्याच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या आणि त्या कायद्याने पुढे चाळीसहून जास्त वर्षं माणसांवर अत्याचार झाले. पशुवैद्य म्हणून मला ते वाचताना जास्तच कसंतरी होतं, कारण पैदाशीची ती भाषा आमच्या पुस्तकांतून उचललेली आहे. पण सिनेटच्या जागेपुरतं बोलायचं तर कायदा वाचता येणं, मसुदा करता येणं, भांडता येणं यात बर्न्स त्यांच्या जवळपासही नव्हता. आणि ज्या दाराला त्यांनी तेरा वर्षं धडका दिल्या ते दार याच्यासाठी वाढदिवसाला आपोआप उघडलं. यात बर्न्सचा दोष मला दिसत नाही. त्याने ती जागा मागितली असल्याचंही कुठे वाचलेलं नाही. पण तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हे आहे: पैशाने जागा मिळाली नाही, पैसा, धर्म, गाव आणि पुरुष असणं या चारही गोष्टी जुळून आल्या म्हणून मिळाली. यातली एक जरी नसती तरी केकवर भागलं असतं.

पुढे अल्बर्टाचे लोक नेमणुकीच्या या पद्धतीवर इतके चिडले की 1989 मध्ये प्रांताने स्वतःची निवडणूक घेतली आणि निवडून आलेल्या माणसाला नेमा म्हणून ओटावाला सांगितलं. निवडून कोण आलं? स्टॅन वॉटर्स, निवृत्त जनरल आणि कॅलगरीचे उद्योजक. 1990 मध्ये त्यांना नेमावं लागलं. निवडणूक घेऊनही आला पुन्हा व्यापारीच, हे या शहराचं पाणी आहे.

तुम्ही कॅलगरीतच आहात तर दोन ठिकाणी जाऊन या. एक फिश क्रीक पार्कमधलं बो व्हॅली रँचचं घर. ते 1896 चं, बर्न्सने 1902 मध्ये विकत घेतलं. आता तिथे रेस्टॉरंट आहे. शहरातला त्याचा दगडी वाडा मात्र 1956 च्या सुमारास पाडला. दुसरं ठिकाण म्हणजे भर बाजारातली बर्न्स बिल्डिंग, आठव्या अव्हेन्यूवर, सहा मजली, पांढऱ्या टेराकोटाची. तळमजल्यावर त्याचं मांसाचं दुकान असायचं. तिच्यासमोर, रस्त्यापलीकडे, ऑलिंपिक प्लाझाची जागा. तिथे 1999 मध्ये त्या पाच बायकांचे पुतळे बसवले, चहाच्या टेबलाभोवती निकाल साजरा करताना. त्यांत एक काशाची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं म्हणून.

आई एकदाच कॅनडाला आली होती, मे महिन्यात, तरी दोन स्वेटर घालून. फिरून पाय दुखायला लागले तेव्हा मी तिला त्या खुर्चीत बसवलं. तिने विचारलं, "या कोण बायका?" मी जमेल तसं सांगितलं, व्यक्ती, कोर्ट, लंडन. मग तिने समोरची इमारत दाखवून विचारलं, "आणि ते कोणाचं?" म्हटलं, "खाटकाचं. यांच्याऐवजी त्याला घेतलं." ती थोडा वेळ इमारतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खुर्ची गार आहे रे फार. चल, उठव मला."